साबणावरचा ठसा

शाहूपुरीत, पाचव्या गल्लीच्या तोंडाला
लोखंडी पेटी, वर छत्री, एक शिकंजा,
आणि तारेला लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या,
दात न आलेल्या बाळांसारख्या.
तिथं बसतो मी. दस्तगीर शिकलगार. अठ्ठावीस वर्षं.

एकदा एकजण आला. इस्त्रीचा शर्ट.
खिशातनं काढली लाल साबणाची अर्धी वडी,
तिच्यावर किल्लीचा ठसा.
म्हणाला, हजार देतो, तासात पाहिजे.
मी वडी पाण्याच्या डबड्यात टाकली
आणि म्हटलं, "हात धू, आणि चालायला लाग."
गल्ली आठवडाभर ते सांगत होती.
खरं सांगायचं तर मलाही चढलं होतं जरा.

पण साबण घेऊन येणारा दिसतो तरी.
हा दिसलाच नाही.
मंगळवार, दुपारचे सव्वातीन.
एका ट्रंकेच्या कुलपात तार घालून बसलेलो,
फोन खांद्यात धरलेला.
"दस्तगीरसाहेब," म्हणाला.
साहेब! मला गिऱ्हाईक "ओ चावीवाले" म्हणतं.
"आपल्या क्रेडिट कार्डाचे पॉइंट आज रात्री वाया जातील,
सात हजारांचे. बघा, सहा आकडे आलेत."
त्याला माझा पत्ता ठाऊक,
कार्डाचे शेवटचे चार अंक ठाऊक,
निलोफरला हप्त्यावर घेतलेला मोबाइल, तोही ठाऊक.
आणि नेमकं तेव्हाच कुलूप उघडलं. खटक्.
खुशीत होतो मी.
वाचून दाखवले.
सावकाश, एकेक, जिभेवर ठेवून,
गिऱ्हाइकाला सुट्टे मोजून द्यावेत तसे.

अठ्ठेचाळीस हजार सातशे.
कुठल्याशा शहरात, कसल्याशा दुकानातनं
मी न बघितलेली वस्तू मी घेतली होती.

निलोफरनं फोन हातातनं ओढला,
आधी कार्ड बंद केलं, मग १९३० लावला.
"अब्बा, कपाळ नंतर बडवा. मिनिटं जातायत."
सायबर पोलिसातला पोरगा अर्ज टाइप करत होता.
"व्यवसाय?"
मी म्हटलं, किल्ल्या.
हसला नाही, भला होता.
पण बोटं थांबली त्याची.

वडील म्हणायचे, कुलूप फोडणारा चोर परवडला,
किल्ली मागून नेणारा नको.
फोडलेल्या दाराला शेजारी हळहळतात,
उघडलेल्या दाराला विचारतात,
कडी कुणी काढली?

बँकेतल्या बाई म्हणाल्या, लगेच कळवलंत ते बरं केलंत, बघू.
तेव्हापासनं बघतोय.
पिन बदलला. जुना म्हणजे निलोफरचं जन्मसाल,
गल्लीतल्या कुणालाही सांगता आलं असतं.
नवा सांगणार नाही.
इथंसुद्धा नाही.

परवा मगदूमबाई आल्या, कपाटाची किल्ली हरवलेली.
दुसरी आहे का बघताना पर्स पेटीवर उलटी केली:
बाम, रिक्षाची चिल्लर, कुठल्याशा लग्नातल्या अक्षता,
आणि कार्ड. मागं चिकटपट्टी,
तिच्यावर निळ्या पेनानं चार आकडे.
"विसरायला होतं हो मला," त्या म्हणाल्या.
मी काही बोललो नाही. पॉलिश पेपर घेतला
आणि घासायला लागलो.
"अहो! अहो, काय करताय?"
पट्टी गेली, शाई गेली, थोडा कार्डाचा रंगही गेला.
त्या बघत राहिल्या. मग हळूच,
"तुम्ही वाचलेत का?"

वाचले होते.
ही नजर एका झटक्यात दात मोजते किल्लीचे,
तिला चार आकडे म्हणजे काय.
"वाचले," म्हटलं. "म्हणून आजच बदला. घरी जायच्या आधी."

किल्लीचे चाळीस घेतले.
बोटांना निळी भुकटी लागली होती.
त्याच डबड्यात हात धुतले.