कर्ता

सकाळी सातला दोन बातम्या.
एकीत : पाणी सुटलं.
दुसरीत : पाणी सोडलं.

एकतीस वर्षं मुद्रितं तपासली,
ऱ्हस्वदीर्घापलीकडे बघायचा पगार नव्हता.
आता मोबाइलवर बोट सरकवताना
डोळा आपसूक कर्ता शोधतो.
'सुटलं' म्हणजे धरणाची मर्जी.
'सोडलं' म्हणजे कुणाचा तरी हात,
आणि हात कुणाचा
ते खालच्या जाहिरातीवरून कळतं.

फोटो मात्र एकच, दुतोंड्या मारुतीचा.
एकीने कमरेवरचा ठेवलाय :
कोरडा देव, मागे निवळतं आभाळ.
दुसरीने कमरेखालचा :
नुसता गढूळ पूर.

मी दुसरी पुढे पाठवली.
अकरा जणांना, चहा उतू जायच्या आत.
मत मी कुणाला देतो
ते या अकरांनाही ठाऊक आहे.

मग चपला घालून उतरलो.
भांडीबाजारात निवृत्ती कासार
पातेली मोजून माळ्यावर चढवत होता.
किती आलं रे?
"मांडीला लागलंय. कमरेला लागलं की शटर."
सवयीने हेही वाक्य तपासलं.
कर्ता गाळलेला,
पण समोर वाहतोय.

काठावर उभा राहिलो.
मारुतीचं एक तोंड इकडे, एक तिकडे,
मांड्या दोघांत त्याच,
ओल्या.

खिशात फोन थरथरला.
अकरांपैकी कुणीतरी अंगठा दाखवला होता.

चूक दिसली की समासात खूण करायचो,
लाल शाईने.
इथे समास कुठे असतो?