साडेतेरा आटे

दोन्ही टिपण्या मीच लिहिल्यात.
पहिली अकरा वर्षांपूर्वी, दुसरी परवा.
एक वाक्य दोन्हींत तेच:
'खर्चात बचत होऊन कार्यक्षमतेत वाढ होईल.'
परवा ते टाइप करायचाही कंटाळा आला.
जुन्या फायलीतून उचललं,
'ठेकेदारामार्फत' खोडून 'खात्यामार्फत' केलं.

तेव्हाची कारणं खोटी नव्हती.
चावीवाल्यांची बावीस पदं, नऊ रिकामी,
भरती गोठलेली,
पेन्शनचा आकडा पगाराच्या आकड्याला गिळत चाललेला.
आणि टेकडीच्या वरच्या अंगाला
पन्नासची नोट दिली की पाणी दहा मिनिटं जास्त,
हेही खरं.
लवू घाडी घ्यायचा नाही.
बाकीच्यांची शपथ मी घेणार नाही.

निविदा उघडली त्या खोलीत आम्ही सहा जण आणि एक पंखा.
सर्वांत कमी बोली
आमच्या अंदाजाच्या एकतीस टक्के खाली.
साहेब म्हणाले, "परवडतं कसं यांना?"
कुणी बोललं नाही.
फॉर्मात तो रकाना नव्हता.

कसं परवडतं ते पुढच्या महिन्यात चौकीत चालत आलं:
लवूचा पोरगा दिपेश,
ठेकेदाराचं पिवळं जाकीट,
खांद्यावर बापाचीच चावी, छातीएवढी उंच,
आणि पगार बापाच्या एक-तृतीयांश.

नकाशा कधी नव्हताच.
नकाशा म्हणजे लवू.
निवृत्तीआधी त्यानं पोराला पहाटे साडेतीनला फिरवलं,
झाकण-झाकण दाखवत:
ही उलटी फिरते.
हिला आधी लाथ घालायची, मग चावी.
दांड्याला कान लाव, पाणी आधी ऐकू येतं, मग दिसतं.
गिरणीसमोरची साडेतेरा आटे.
तेराला थांबलास तर वरची गल्ली रिकाम्या हंड्यांनी भांडते,
चौदावा दिलास तर खालची कोरडी.
"साडेतेरा," चौकीत चहा पितानाही तो म्हणायचा,
पाढ्यासारखं. मला तोंडपाठ झालं.

मग ठेके बदलले. पिवळं जाकीट, हिरवं जाकीट, केशरी पट्ट्याचं.
आत दिपेशच.
दुसऱ्या ठेकेदारानं फंड कापला, भरला नाही.
तिसरा अर्ध्यात पळाला.
त्याची बिलं आम्हीच आठ महिने दाबून ठेवली होती,
हे टिपणीत नाही.

टिपणीत हेही नाही, की खात्यात शेवटी
झाकण कुठलं नि चावी कुठली हे सांगणारं कुणी उरलं नाही.
ठेकेदारानं काम केलं का,
हे तपासायला ठेकेदारालाच फोन लावायचा.
तो म्हणायचा, केलं.
आम्ही शिक्का मारायचो.

तर आता काम परत घरी.
पदं मंजूर, जाहिरात निघाली.
वयोमर्यादा अडतीस.
दिपेश एकोणचाळीस वर्षं चार महिने.
ठेकेदाराकडचा अनुभव ग्राह्य नाही,
हे वाक्यही माझंच, मसुद्यात तसंच होतं.

काल साहेब म्हणाले, "त्या पोराला बोलावून घ्या.
नवीन मुलांसाठी सगळ्या चाव्या लिहून घ्या एकदा."
"मानधन?"
"तरतूद नाही हो."

आला बिचारा. खुर्चीच्या कडेवर बसला.
मी रेघा मारलेला कागद घेतला:
जागा, दिशा, आटे.
तो सांगत गेला, मी लिहीत गेले,
एकशे सहा चाव्या, मध्ये एकदा पाणी मागितलं त्यानं.

"गिरणीसमोरची?" मी विचारलं.

तो खिडकीकडे बघत होता.
"तेरा," म्हणाला.

वरच्या गल्लीत माझी नणंद राहते.
दोन लहान मुलं, घरी म्हातारी सासू.

पेन थांबलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.
मी लिहिलं: तेरा.
आणि पुढची चावी विचारली.