दहा चमचे

शेफील्डच्या या वॉर्डात, खिडकीजवळ, सहा नंबरला
मेविस क्रॉशॉ. वय सत्त्याऐंशी.
हिमोग्लोबिन अडुसष्ट,
म्हणजे आपल्याकडच्या हिशेबानं सहा पॉइंट आठ.
चार्टवर लिहिलंय : दम लागतो, भोवळ येते,
दिवसभर बर्फ चावून खाते.
हे शेवटचं वाचून नव्या मुली हसल्या.
मी नाही हसले.
मिरजेच्या शाळेत मी पाटीवरची पेन्सिल
अर्धी लिहायला वापरायची, अर्धी खायची,
आणि बाई म्हणायच्या, जंत झालेत पोरीला.

अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढते.
आत लाली असायची, तिथं
ताक.

मग नखं. मधोमध खोल, कडा वर आलेल्या.
पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळायचा नाही, असं पुस्तकात होतं.
ठेवून पाहिला आम्ही दोघींनी. नाही ओघळला.

"चमचे," ती म्हणाली.
"चाळीस वर्षं चमचेच घासले गं मी, ब्रेंडा"
(वृंदा तिच्या कवळीत अडकतं)
"अंगाला खाकी कागद गुंडाळायचा, डोक्याला फडकं,
चाकावर तेल नि वाळू,
संध्याकाळी आईसुद्धा ओळखायची नाही.
लग्नाचे चमचे, जहाजावरचे चमचे, कुठल्या कुठल्या लॉर्डांचे.
एकही माझ्या घरी आला नाही.
आता बघ. दहा आले."

लोह सलाइनमध्ये मिसळलं की काकवीचा रंग येतो.
शीर सापडेना. गरम टॉवेल गुंडाळला,
हात पलंगाखाली सोडायला लावला,
तेव्हा कुठं मनगटापाशी एक वर आली, नाइलाजानं.
सुई हलली, थेंब बाहेर झिरपला,
तर कातडीवर डाग राहतो जन्मभराचा.
"राहू दे. जन्म कितीसा उरलाय?"
तरी मी येऊन येऊन पाहते. नाडी. रक्तदाब.
खाज सुटते का? छातीत आवळल्यासारखं?
तिला तेच तेच विचारलेलं आवडतं.

चहाची ट्रॉली आली, तेव्हा सांगून टाकलं :
घरी गेल्यावर जेवणाआधी तासभर चहा नाही,
नंतरही तासभर नाही.
यॉर्कशरच्या बाईला हे सांगणं म्हणजे
कोल्हापूरकराला तांबडा रस्सा सोड म्हणणं.
तिनं माझ्याकडं पाहिलं,
मग संत्र्याच्या रसाकडं,
आणि देव आठवला.

रक्त कुठून झिरपतंय, ते उद्या नळी घालून बघणार आहेत.
त्याबद्दल तिनं काही विचारलं नाही.
मीही उशी नीट केली.

बाटली संपली. आता अर्धा तास नुसतं लक्ष ठेवायचं.
बाहेर तीन वाजताच उजेड निघून चाललेला.
"इकडे ये," म्हणाली.
त्याच अंगठ्यानं, ज्यानं चकाकी पारखली होती,
माझी पापणी खाली ओढली,
हनुवटी धरून तोंड खिडकीकडं वळवलं,
चमचा वळवावा तसं.
"हा परत चाकावर पाठवा."

हसले मी. काय करणार?
रात्रपाळीमागून रात्रपाळी,
आणि आठ-आठ दिवस चालणारी ती दुसरी पाळी,
जिला ड्युटीच्या तक्त्यात रकाना नाही.
माझ्या रक्ततपासणीचा कागद जूनपासून खिशात होता.
मागच्या आठवड्यात गणवेशाबरोबर धुतला गेला.

बर्फाच्या मशीनपाशी तिचा ग्लास भरते.
कॉरिडॉरमध्ये कुणी नाही.
एक खडा दाढेखाली धरते.

कडकन्.
पेन्सिलीचा आवाज.