नमुना

कायदा म्हणतो, नमुना फुकट घ्यायचा नाही.
म्हणून भूमच्या पुढं, पाथरूडच्या वाटेवर,
सोजरबाईच्या भट्टीसमोर
मी आधी पाकीट काढतो.
एक किलो खवा. बाजारभाव. पावती.
अंगठा नाही, सही करते ती,
‘सोजर’ एवढीच, र ची शेपटी लांबवून.
"गिऱ्हाईक म्हणून आलाव तर बसा की वो,
उभ्याउभ्या कोण खवा नेतंय?"

चार भाग. चार बाटल्या.
प्रत्येकीत फॉर्मालिनचे वीस थेंब,
आणि कढईतून आत्ताच उतरलेला तो करपट-गोड वास
विसाव्या थेंबाला दवाखान्याचा होतो.
दोरा, लाख, चिठ्ठी.
पंच कोणी होईना. शेवटी पंक्चरवाला इलियास
हात पुसत येतो, सहीच्या आधी विचारतो,
"हिच्या विरोधात हाय का हे?"
विरोधात नाही, म्हणतो मी, नियमात आहे.
तो सही करतो, पण माझ्याकडं न बघता.

मग चिमूटभर खव्यावर आयोडीन.
निळं झालं की पीठ, साधं गणित.
सकाळी स्टँडमागच्या गोदामात
थेंब पडताच शाई सांडल्यागत झालं होतं;
तिथं लगेच चहा आला, मग फोन आला,
मग भिंतीवरचा पंखा माझ्याकडं वळवला गेला.
इथं पंखा नाही. धूर आहे.
भट्टीवरच्या बाया वाकून बघताहेत.
थेंब आपला पिवळा तो पिवळाच.
"पास!" कुणाचं तरी पोरगं ओरडतं.

अहवाल पंधराव्या दिवशी.
गोदामाचा: भेसळ. त्यांचं अपील तयारच होतं.
सोजरबाईचा: पीठ नाही, पावडर नाही, तेल नाही.
स्निग्धांश मानकापेक्षा कमी. शेरा: कमी दर्जा.
दोन्ही एकाच रजिस्टरात, वर-खाली,
एकाच पेनानं.

नोटीस ऐकून ती म्हणाली,
"मी ह्याच्यात काय घातलं?"
काहीच नाही.
"मग काय काढलं?"
तेही नाही.
"मग?"

मी गोठ्याकडं पाहिलं.
चार म्हशी, पुढ्यात उसाचं वाढं,
गेल्या दिवाळीपासून बहुतेक तेच.
सरकीची पेंड कुठल्या भावाला गेली, मला ठाऊक आहे.
माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

"चौथी बाटली तुमच्यासाठी असते," मी सांगितलं,
"मागितली तर दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल. खर्च तुमचा."
"खवा त्योच ना?"
तोच.
"आन् म्हशी?"
त्याच.
"मग असू द्या."

परतल्यावर पंचनामा पुन्हा चाळला.
वजन: एक किलो. अक्षर माझंच.
काटा स्थिर झाल्यावर तिनं वरून
लाडवाएवढा एक गोळा टाकला होता,
सगळ्यांनाच टाकते म्हणे.
तो मी कुठंच लिहिलेला नाही.