नाते (असल्यास)

माहीमला, पिठाच्या गिरणीवरच्या दीड खोलीत
आमचा इतिहास राहतो.
सकाळी कपाट उघडलं की
फायलींवर बारीक ज्वारी बसलेली.
मी फडकं घेतो, पुसतो, शिंकतो,
मग जाडी वही उघडतो:
दाखल क्रमांक, तारीख, वस्तू, कुणाकडून.

एकशे बारा.
बदामी बॅग, चेन तुटकी.
आत एकच घुंगरू आणि धोब्याची सतरा बिलं.
कुणाकडून: दारात ठेवून गेले.
असं पुष्कळ येतं, रात्रीचं,
बेल न वाजवता.

एकशे तेरा.
भायखळ्याच्या मुमताजगुरूंचा पानाचा डबा.
स्वतः घेऊन आल्या. जिना चढायला पंधरा मिनिटं,
दम खायला दहा.
"देते, पण रोज वापरायचा.
काचेत ठेवलास तर परत नेईन, सांगून ठेवते."
वापरतो. टाचण्या ठेवतो त्यात.
हे त्यांना अजून माहीत नाही.

इथे टेप करायला बसलं की
प्रत्येकाच्या आठवणीमागे गिरणी घरघरते.
पहिलं पत्र, पोलीस चौकी, आईनं भिंतीकडे फिरवलेलं तोंड,
आणि मागे कुणाचे तरी पाच किलो गहू.
पुढे कधी ऐकणाऱ्याला वाटेल,
त्या काळी आमच्या छातीत असाच आवाज होता.
वाटू दे.

आज काळाचौकीहून भिकाजी घाग आले.
वय एक्याऐंशी. रेक्झिनच्या पिशवीत
स्टीलची तीन पातेली, एकात एक,
आणि रेशनकार्ड.
पातेल्यांच्या कडेला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
भिकाजी मोरेश्वर, १९७४.
"लोकांना वाटायचं, मुलाचं आणि बापाचं नाव.
भांडीवाल्यानं विचारलंन्, कोण रे तुम्ही, भाऊ भाऊ?
मोरेश्वर म्हणाला, कडेला जागा आहे तेवढंच विचार."
हसले. दात नाहीत. हसू पूर्ण होतं.

रेशनकार्ड मी उजेडात धरलं.
कुटुंबप्रमुख घाग. खाली शिगवण मोरेश्वर.
प्रमुखाशी नाते: मावसभाऊ.
तेही खोडून, वेगळ्या शाईत: भाडेकरू.
तेही खोडून, तिसऱ्याच कुणाच्या अक्षरात: इतर.
गिरणी बंद पडली त्या वर्षी
याच 'इतर'ची साखर दोघांनी मोजून खाल्ली.

"गेल्या श्रावणात गेला तो.
नाव कमी करायला गेलो तर खिडकीतली बाई म्हणते,
मयताशी नातं काय ते लिहा."
मग?
"मग काय. कार्ड घेऊन इकडे आलो.
इथे नाव कमी करत नाहीत ना?"

नाही, म्हणालो. इथे नाही.
आणि वही त्यांच्यापुढे सरकवली.
तेव्हा दिसला शेवटचा रकाना.
कुठल्याशा संग्रहालयाच्या नमुन्यावरून
मीच, माझ्या हातांनी, पट्टीनं आखलेला:
देणगीदाराचे मूळ मालकाशी नाते (असल्यास).
तळहातानं झाकायला गेलो.
उशीर झाला होता. चष्मा चढला होता त्यांचा.

"असल्यास म्हणजे?
नसलं तर एवढा जिना कोण चढेल?"

खाली कुणीतरी गिरणीचा खटका दाबला.
टेबल थरथरायला लागलं, पेन थरथरायला लागलं.
म्हातारा थांबला, दळण होईपर्यंत.
मग अडीच ओळींची जागा घेऊन
रकान्याबाहेर जात लिहिलं:
पातेल्यावर आहे ते.

निघताना दारातून वळले.
सगळ्यात लहान पातेलं उचललं,
माझ्याकडे न बघता पिशवीत टाकलं.
"दूध यातच तापवतो मी."

दाखल क्रमांक एकशे चौदा.
वस्तू: रेशनकार्ड एक, पातेली तीन.
तीन खोडून मी दोन केलं,
आणि खोडल्यावर सही केली, तारखेसकट,
म्हणजे पुढे कुणी वही उघडली तर कळावं,
एक अजून वापरात आहे.