सात दिवसांची रजा

भरदुपारी मला घरात पाहून ओजस म्हणाला,
"कोण गेलं?"

सोळा वर्षांत अशी घरी राहिले दोनदाच:
एकदा गुहागरहून फोन आला तेव्हा,
एकदा माझं ऑपरेशन.
"कोणी नाही रे, सहज," म्हटलं.
सहज हा शब्द त्याला पटला नाही.
मलाही.

त्याच्या खोलीत एसी सोळावर,
पडद्याच्या फटीला सेफ्टी पिना.
बाहेर रुवीचे डोंगर, काडीभर गवत नसलेले.
दप्तरात डबा. डब्यात परवाची पोळी.

लॅबमध्ये मी दिवसाला दोनशे माणसांचं रक्त बघते.
त्याचंही काढलं होतं मागच्या महिन्यात, स्वतः.
हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सगळं नॉर्मल.
इतका आनंद झाला, की रिपोर्ट फ्रीजवर लावला.
त्याच्या बाबांनी फहूदच्या वाळवंटातून
एक अंगठा पाठवला.

बाबा चौदा दिवस तिकडे, सात इकडे.
सातातले दोन झोपेचे, एक बॅग भरण्याचा.

शाळेतल्या मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या,
पेपरवर नाव लिहितो आणि बसून राहतो.
घरी बोलतो का कोणाशी?
"आमच्याशी बोलतो ना!"
टॅक्सीत मोजून पाहिलं:
जेवलास का. झोपलास का. किल्ली घेतलीस का.

चौथ्या दिवशी जिन्यात शफीकभाई, आमचा वॉचमन,
पाण्याची मोटर बंद करता करता म्हणाला,
तुमचा मुलगा रोज संध्याकाळी गच्चीवर असतो, टाकीपाशी.
मी जाऊन बसतो बाजूला.
काही बोलत नाही तो. मीही नाही.
माझा नोआखालीला आहे, एवढाच.

मी कठड्याला धरून उभी राहिले.
गच्चीचा कठडा किती उंच आहे,
हे मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी वर गेले.
दुधाचे दोन क्रेट उपडे घातलेले, दोघं बसलेले.
शफीकभाई उठू लागला. "बसा," म्हटलं,
आणि खालून तिसरा क्रेट आणला.
मगरिबची बांग झाली. तो नमाजाला गेला.
ओजसने इयरफोनचा एक कान काढला.
एकच.

आज रजा वाढवायचा फॉर्म भरतेय.
कारण: विवाह, मृत्यू, हज, आजार.
आजारावर खूण केली.
खाली विचारलंय, रुग्णाशी नातं काय.
पेन हातात धरून
बराच वेळ बसले आहे.