टिंव टिंव वालं

दारव्ह्याच्या बाजारात, शहाऐंशी साली,
शालिक मेश्रामनं सात रुपयांत कॅसेट घेतली.
डबीवर चार इंग्रज पोरं, डोळ्यांत काजळ,
समोर इस्तरीच्या टेबलासारख्या मशिनी.
ढोल नाही, सनई नाही,
आडात भांडं पडावं तसा आवाज.
बायको म्हणाली, "सेल उतरले असन."

शब्द कळले नाहीत.
पण जिनिंगचा पट्टा फिरतो तीच लय,
अन् पट्टा थांबल्यावरचा तोच सुनाटा.
त्यांच्याही गावची गिरणी
बंद पडली असावी.

मग उधारीचा कॅसिओ बँडच्या ठेल्यावर चढला.
तिकडे त्यांनी मैदानं भरली,
इकडे शालिकनं मांडव.
तिकडे ते भांडले, फुटले, टकले झाले,
पुन्हा एक झाले म्हणे.
इकडे कोणाला खबर?
ज्या धुनीवर बाप नाचला
तिच्यावर आता पोरगा घोड्यावर.
"शालिकभाऊ, ते आपलं वाजवा ना,
टिंव टिंव वालं."

परवा नातवानं मोबाइलवर
मूळ गाणं शोधून लावलं.
शालिकनं शेवटपर्यंत ऐकलं, बोटं मांडीवर.
"चांगलं वाजवते पोट्टे," म्हणाला,
"फक्त वळणावर घाई करते."